फाटकाबाहेर सवाष्ण

दर नोव्हेंबरात मला बँकेत जाऊन दोन गोष्टींवर सही करावी लागते. एक, मी जिवंत आहे. दोन, नवऱ्याच्या पश्चात मी दुसरं लग्न केलेलं नाही. पहिलीविषयी माझ्या गुडघ्यांचं मत वेगळं आहे, पण दुसरीवर मी ठसठशीत सही करते. यंदा खिडकीतल्या मुलीला म्हटलं, “बेटा, इतना पक्का मत लिखो. कोई अच्छा मिल गया तो?” ती मान खाली घालून हसली आणि माझ्या नातीने दंड धरून मला बाहेर काढलं. “आजी, काहून असं बोलून राहिली तू? लोग सुन रहे थे!”

ऐकू देत. पण ऑटोत बसल्यावर माझंच हसू विरलं. लग्न न केल्याची ही ओळ मी पहिल्यांदा ऐकली ती दुसऱ्याच एका बाईच्या घरात, आणि तिथे कोणी हसलं नव्हतं.

त्या बाईंचं नाव द्वारका वरुडकर. आमच्या द्वारकावहिनी.

पासष्टची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन अमरावतीहून जबलपूरला आले. ‘हे’ रेल्वेच्या ऑफिसात. तिथल्या गोरखपूर मोहल्ल्यात, बाजारामागे एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडं होती, त्यातलं एक आमचं. मी मॅट्रिक पास, तेही इंग्रजी घेऊन, आणि ही गोष्ट जबलपूर शहराला लवकरात लवकर कळावी अशी माझी मनापासून इच्छा होती. नळावर पाणी भरायला जाताना मी गॉगल लावत असे. आता तो फोटो बघितला की वाटतं, कुणी त्या पोरीच्या डोक्यात बादली का नाही उपडी केली?

द्वारकावहिनी समोरच्या बिऱ्हाडात. उंच, हाडापेराने मोठ्या, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. मांडीवर सूप घेऊन ओसरीवर विड्या वळत बसलेल्या. तेंदूची ओली पानं कात्रीने कापायची, तंबाखू घालून वळायची, दोरा गुंडाळायचा; बोटं चाललेली आणि तोंड तुमच्याशी. मान वर करायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “काहून गं मॅट्रिक, नळाला जाऊन राहिली की नाटकाला?” तेव्हापासून त्यांच्यासाठी माझं नाव मॅट्रिकच.

कुणी त्यांच्यापाशी रडगाणं घेऊन आलं की त्या पूर्ण ऐकून घेत आणि म्हणत, “बरं. पुढचं सांग.” सहानुभूती वगैरे नाही. पुढचं काही नसलं तर माणूस आपसूक उठून जाई.

त्यांच्या स्वतःच्या गोष्टीला मात्र पुढचं काही नव्हतं, आणि तेच सगळं दुखणं होतं. त्यांचा नवरा मनोहर वरुडकर दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत कामाला. लढाईच्या दिवसांत तोफगोळ्यांनी भरलेले मालगाडीचे डबे इथून सीमेकडे जायचे आणि डब्यांबरोबर राखणीला फॅक्टरीतली माणसं. तसे मनोहरराव आणि आणखी दोघे गेले. पंजाबातल्या कुठल्याशा लहान स्टेशनात गाडी थांबली, मनोहरराव पाण्याचा डबा भरायला खाली उतरले, तेवढ्यात गाडी हलली. बाकीचे दोघे परत आले. त्यांना स्टेशनाचं नावही धड सांगता येईना. काळोख होता, पाट्या झाकलेल्या होत्या. मनोहरराव आले नाहीत. ना माणूस, ना पत्र, ना प्रेत.

शिपाई असते तर लढाईत गेले म्हणता आलं असतं. कामावर मेले असते तर तसं. हे तर गाडी सोडून खाली उतरलेले. फॅक्टरीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे लागलं, ‘बिना इजाज़त ग़ैरहाज़िर’. म्हणजे पळालेला माणूस. पळालेल्याच्या बायकोला कसली पेन्शन?

घरात वहिनी आणि सासू, दोघीच. मूल नव्हतं. सासूंना आम्ही सगळे आई म्हणायचो. त्यांची दृष्टी गेलेली होती, पण अंगणातून कोण गेलं ते पावलावरून ओळखत. मुलगा जिवंत आहे यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. “लढाई आहे बाई, अडकला असेल,” म्हणायच्या. लढाई संपून वर्ष लोटलं, तरी “सरकारी काम आहे, अडकला असेल.” दिवेलागणीला वहिनी त्यांच्यापुढे वाकायच्या, आई अंगठ्याने सुनेचं कपाळ चाचपायच्या आणि म्हणायच्या, “आहे.” मग जेवायला बसायच्या. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, असं त्यांच्या घरात होतं. तोवर बायको सवाष्ण. बारा वर्षांत नाही आला, तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. मग कुंकू पुसायचं.

माझ्यासारख्या विदुषीच्या शेजारी एवढा मोठा अन्याय होत असलेला मला कसा खपावा? मी म्हटलं, वहिनी, अर्ज मी लिहिते, इंग्रजीत. इंग्रजी बघितलं की साहेब उभा राहतो. आमच्या शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात नमुन्याचे तीन अर्ज होते: तापासाठी रजा, बहिणीच्या लग्नासाठी रजा आणि फी माफी. त्यातला फी माफीचा मला सर्वांत जवळचा वाटला. तो घेतला, नावं बदलली, मोत्यासारख्या अक्षरात उतरवला. वहिनींनी खाली सही केली आणि आम्ही फॅक्टरीच्या पेन्शन ऑफिसात गेलो.

फाटकाच्या अलीकडे एक कडुनिंब होता. वहिनी तिथे थांबल्या. मला वाटलं, चप्पल तुटली. त्यांनी पदराचं टोक तोंडात ओलं केलं, कपाळावरून खसाखसा फिरवलं आणि कुंकू पार पुसून टाकलं. मंगळसूत्र पोलक्यात सारलं. माझा आ वासलेला. “मिट तोंड,” त्या म्हणाल्या, “माशी जाईल.”

झालं होतं असं की, त्याआधी एकदा त्या तशाच गेल्या होत्या. तिथले बाबू दुबेजी त्यांना म्हणाले होते, “बहनजी, माथे पर इतनी बड़ी टिकली, और दरख़्वास्त विधवा की? साहब देखेंगे तो फ़ाइल खिड़की से बाहर फेंक देंगे।” त्यात दुबेजींचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून फाटकाबाहेर सवाष्ण आणि फाटकाआत विधवा, असं चाललेलं. परतताना त्याच झाडाखाली पिशवीतून डबी काढून पुन्हा कुंकू लावायचं, कारण घरी अंगठा वाट बघत असे.

दुबेजी पानाने रंगलेल्या तोंडाचे, जाड चष्म्याचे. माझा अर्ज त्यांनी नाकाजवळ धरून वाचला, शेवटच्या ओळीशी थांबले आणि चष्म्यावरून वहिनींकडे बघत राहिले. मी खाली लिहिलं होतं: आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.

“बहनजी, आप किस क्लास में हैं?”

इंग्रजीचं एक अक्षर वहिनींना येत नव्हतं. पण बाण कुठून आला आणि कुणाला लागला हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ताडलं. शांतपणे म्हणाल्या, “पहली में, दुबेजी. अभी-अभी भर्ती हुई हूँ. धीरे-धीरे सीख जाऊँगी।”

सगळी खोली हसली. दुबेजीही हसले आणि पानाचा तोबरा थुंकून आले. मग त्यांनी कसं काय करायचं ते सांगितलं. आणि तेही आम्हाला कळलं नाही.

फॅक्टरी म्हणे, मृत्यूचा दाखला आणा. नगरपालिका म्हणे, डॉक्टरचा कागद नाहीतर स्मशानाची पावती आणा. प्रेतच नाही तर स्मशानाची पावती कुठली? मग दुबेजी म्हणाले, आधी ‘ग़ैरहाज़िर’ खोडून ‘लापता’ करून घ्या, आणि त्यासाठी पोलिसात रपट हवी. इथलं ठाणं म्हणे, माणूस हरवला तिथे रपट लिहा. तिकडे पत्र टाकलं तर सहा-सात महिन्यांनी उत्तर, माणूस राहायचा तिथे लिहा; शिवाय आमच्या हद्दीत कोणत्या स्टेशनात उतरला ते कळवा. बरोबरच्या दोघांचे जबाब घेता घेता एकाची बदली झाली. शेवटी इथल्याच ठाण्यात एका म्हाताऱ्या हवालदाराने कंटाळून रपट लिहून घेतली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. तेव्हा दुबेजी म्हणाले, “अब सात साल रुकिए।” सात वर्षं कुणी माणसाची खबर ऐकली नाही, तर कोर्ट त्याला मेलेला मानतं. आणि ही सात वर्षं माणूस हरवला तेव्हापासून नाही, रपट लिहिली तेव्हापासून मोजायची.

मी ऑफिसातच रडायला लागले. वहिनी म्हणाल्या, “बरं. आगे की बताइए, दुबेजी।”

परतताना कडुनिंबाखाली त्या डबी काढून बोटाने कुंकू लावत होत्या आणि मी, नाक ओढत, त्यांना व्याख्यान देत होते. नुकताच मासिकात एक लेख वाचला होता. कुंकू म्हणजे गुलामी, मंगळसूत्र म्हणजे साखळी. वहिनी, फेकून द्या ही डबी!

“बरं,” वहिनी म्हणाल्या. “तू आधी पूस. घरी जाऊन नवऱ्याला दाखव. मग मी फेकते.”

मी पदर मोठ्या आवेशाने कपाळापर्यंत नेला आणि घाम पुसला.

मग एकाहत्तरची लढाई आली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, फॅक्टरीत दिवस-रात्र काम. पुन्हा डबे भरून गाड्या निघू लागल्या आणि एके दुपारी वहिनी विड्यांचं सूप बाजूला ठेवून, बादलीभर पाणी आणि ते ओतायला वगराळं घेऊन निघाल्या. मी मागोमाग. रिछाईच्या बाजूला रेल्वे क्रॉसिंगशी मालगाडी सिग्नलला उभी होती. डब्यांच्या दारात फॅक्टरीची माणसं बसलेली, तरणीताठी, मफलर गुंडाळलेली. वहिनी रुळाशेजारच्या खडीवरून पडत-धडपडत डब्याडब्याशी जाऊ लागल्या.

“भैया, डब्बा इधर करो। भर देती हूँ। नीचे मत उतरना।”

पोरं थट्टा करायला लागली. “अरे अम्मा, आगे स्टेशन पर ले लेंगे।”

“नहीं!” असा आवाज त्यांच्या गळ्यातून मी आधी कधी ऐकला नव्हता, पुढेही नाही. “स्टेशन पर मत उतरना। प्यासे रहो, पर उतरना मत। समझे?”

 एकेका पोराने डबा पुढे केला. ज्यांचे भरलेले होते त्यांनीही घोटभर पिऊन पुन्हा पुढे केले. गाडी हलल्यावर वहिनी रिकामी बादली घेऊन तिथेच उभ्या राहिल्या, शेवटचा डबा जाईपर्यंत. त्या हिवाळ्यात त्या रोज जात. लोकांनी वेडी म्हटलं. क्रॉसिंगवरचा माणूस मात्र गाडी यायची असली की निरोप धाडायचा.

सात वर्षं भरली. दुबेजींनीच वकील गाठून दिला. कोर्टात जायच्या आधी एका कागदावर सही हवी होती: माझे पती हयात नाहीत असं मी मानते. दुबेजी म्हणाले, एकदा तोंडाने बोलून दाखवा, कोर्टात विचारतील. वहिनींचे ओठ हलले, आवाज फुटेना. नवऱ्याचं नावसुद्धा कधी न घेतलेली बाई. “आप लिखिए,” त्या शेवटी म्हणाल्या. “मैं दस्तख़त कर दूँगी।” अक्षर न् अक्षर लावून त्यांनी कागद वाचला, सही केली आणि विचारलं, “हाथ धोने का पानी कहाँ है?”

काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. पैसे घेऊन आम्ही घरी आलो. आईंनी पावलं ओळखली.

“फॅक्टरीतून आलीस? मनोहरचा पगार सुटला का?”

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, “हो.”

“बघ! मी म्हणतच होते, अडकला असेल.” आणि आईंनी नोटा कपाळाला लावून देवापुढे ठेवायला सांगितल्या. मुलगा मेला म्हणून सरकार जे पैसे देत होतं, तेच आईच्या हातात तो जिवंत असल्याची खूण झाले. दर महिन्याला. मी वहिनींना म्हटलं, हे फार दिवस कसं चालेल? त्या म्हणाल्या, “त्यांचं पोट भरून राहिलं ना? आणि झोप लागून राहिली ना? तू आपलं वरण बघ.”

ते चाललं वर्ष-दीड वर्ष. मग कुणीतरी निनावी पत्र टाकलं: विधवेची पेन्शन घेणारी ही बाई बाजारात कुंकू लावून फिरते, हिने दुसरा नवरा केला आहे. कुणी टाकलं ते कधीच कळलं नाही. चौकशीला पेन्शन ऑफिसातून एक इन्स्पेक्टर आला, अगदी पोरसवदा. भर दुपारी अंगणात उभा राहून त्याने पुकारा केला, “द्वारकाबाई, विधवा मनोहर वरुडकर, कौन हैं?”

मी ओसरीवर होते. वहिनींच्या हातातली विडी उलगडली. आतून आईंचा आवाज आला, “कोण आहे गं?”

“फॅक्टरीतला माणूस, आई.”

“मनोहरकडचा? मग बाहेर काय उभा? आत घे. चहा टाक.”

चहा टाकायला वहिनींनी मला पिटाळलं आणि त्या इन्स्पेक्टरला हळूच म्हणाल्या, “साहब, बाहर बात करते हैं।” तो म्हणाला, घरातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष लागते, आणि त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखवणं हा नियम आहे. नियमाने वागणारा मुलगा होता. कपाळावरच्या कुंकवाकडे बघून त्याचा संशय पक्का झाला होता, हेही दिसत होतं. पेन्शन राहणार की जाणार ते त्या एका कागदावर होतं. त्याने आईंसमोर बसून मोठ्याने वाचलं:

“मैं प्रमाणित करती हूँ कि मेरे मृत पुत्र मनोहर की विधवा द्वारकाबाई ने पुनर्विवाह नहीं किया है।”

मी स्वयंपाकघराच्या दारात. वहिनी भिंतीला टेकलेल्या. आईंची मान किंचित तिरकी झाली, पावलं ऐकताना व्हायची तशी.

“फिर से पढ़ो, बेटा।”

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी त्याचा आवाज खाली गेला. त्याला काहीतरी उमगलं असावं.

आईंनी उजवा हात पुढे केला. “मेरी बहू ने दूसरा आदमी नहीं किया। इतना मैं जानती हूँ। इतने का अँगूठा ले लो। बाकी जो लिखा है, वो तुम लोगों का है।”

त्याने शाई लावून ठसा घेतला. चहा न घेताच उठला. जाताना वहिनींना वाकून नमस्कार करून गेला.  मग आई म्हणाल्या, “दूध उतू जाऊन राहिलं. कुणी बघतं का?”

त्यानंतर आईंनी पगाराचं नाव काढलं नाही. दिवेलागणीला कपाळ चाचपायच्या, पण “आहे” म्हणणं बंद झालं. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, “द्वारके, गुरुजींना बोलाव. सरकारनं मानलं, मग आपण काहून ताटकळायचं? मी आहे तोवर उरकून टाक.” मला वाटलं, वहिनी सुटल्या. पण सात वर्षं भरताच कोर्टासाठी सही करून आलेल्या त्याच बाईने नकाराची मान हलवली. “बारा म्हणजे बारा, आई. सरकारचं सरकारपाशी.” त्या हिवाळ्यात आई गेल्या. कपाळ चाचपणारं कुणी उरलं नाही, तरी वहिनी फाटकाशी कुंकू पुसत आणि येताना लावत राहिल्या.

बारावं वर्ष संपलं. नागपूरहून चुलतदीर आले. मंगळवारी सकाळी अंगणात गुरुजींनी पळसाची पानं मांडली. पण दिरांना त्यांचा माणूस बांधता येईना. डोकं राहायचं तर हात सुटायचे. वहिनी खांबाशी उभ्या होत्या. दोनदा सुटलेलं बघितलं आणि पुढे आल्या. “आणा इकडं.” गुरुजी काहीतरी म्हणणार होते, ते राहूनच गेलं. वहिनींची ती विड्यांची बोटं पानांवरून भराभर फिरली. पाय, छाती, हात, डोकं. दोऱ्याला गाठ मारली आणि दातांनी दोरा तोडला. मग त्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेलं.

त्याच आठवड्यात पेन्शन ऑफिसात सालाबादचा कागद भरायचा होता. मी बरोबर गेले. माझ्या नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आलेला होता. सामान बांधायचं सोडून मी गेले, म्हणून तेवढं तरी बघायला मिळालं. त्यानंतर द्वारकावहिनींची आणि माझी भेट झाली नाही.

खिडकीत नवा बाबू होता. दुबेजी मागच्या टेबलाशी, निवृत्तीला टेकलेले. बाबूने मान वर न करता विचारलं, “पति की मृत्यु कब हुई?”

“मंगलवार को।”

“कौन-सा मंगलवार, माताजी?”

“अभी जो गया।”

त्याने मान वर केली. कागद उलटसुलट केले. “ये क्या बोल रही हैं? यहाँ तो बरसों से पेंशन जा रही है!” मी वहिनींना कोपराने ढोसलं, “वहिनी, कोर्टानं मानलेली तारीख सांगा. बंद होईल ना पेन्शन!” वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या खोटं बोलायचं विसरल्या होत्या की नाकारत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

दुबेजी उठून आले. बाबूच्या हातातून कागद घेतला, फाइल बघून स्वतः कोर्टाची तारीख भरली आणि वहिनींसमोर सरकवला. वहिनी त्या तारखेकडे बघत राहिल्या.

“दुबेजी, ये क्या है?”

“ये सरकार का है, बहनजी। आप दस्तख़त कर दीजिए।”

त्यांनी सही केली. दुबेजींनी तो कागद हलकेच उचलला आणि म्हणाले, “मंगलवार की ख़बर तो करनी थी। घाट पर हम भी आ जाते।”

इतक्या वर्षांत त्या खोलीत वहिनींना कुणी बस म्हटलं नव्हतं. दुबेजींनी आपली खुर्ची ओढून बाहेर आणली. द्वारकावहिनी बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन हमसाहमशी रडल्या. मागून रांगेतला कुणी ओरडला, “अरे भैया, आगे बढ़ाओ!” दुबेजी आत गेले आणि भर कामाच्या वेळी त्यांनी खिडकी लावून घेतली.